जुन्या झेनच्या दाराची पट्टी सुटली आहे, नीट कशी बसवावी?

झेन_०४ (घोडबंदर रोड, ठाणे) | ३ फेब्रुवारी

नमस्कार मंडळी. बाबांची २००४ची मारुती झेन आहे, एमएच ०४, पांढरी. पंधरा वर्षं झाल्यावर एकदा आणि नंतर पाच वर्षांनी पुन्हा, अशी दोनदा नोंदणी वाढवून घेतली आहे. पुढच्या वेळीही वाढवायची आहे. इंजिन उत्तम, गिअर लोण्यासारखे. दुखणं बाहेरचं आहे.

दारांवर मधोमध जी काळी आडवी पट्टी असते (मोल्डिंग म्हणतात तीच), त्यातली डाव्या पुढच्या दाराची पट्टी पुढच्या टोकाकडून चार बोटं सुटली आहे. माजिवड्याच्या पुलावर गाडी साठच्या पुढे गेली की फडफड सुरू होते. बाबा शेजारी बसलेले असतात. आवाज झाला की काच खाली करून हात बाहेर काढतात आणि पट्टी दाबून धरतात. ते मला बघवत नाही, म्हणून हा धागा.

मागच्या पावसाळ्यात एका गॅरेजमध्ये झटपट गोंदाने चिकटवून घेतली होती. पंधरा दिवसांत सुटली, आणि सुटताना नखाएवढा रंगाचा टवका घेऊन निघाली. दुसऱ्यांदा गेलो तर मी 'नको' म्हणेपर्यंत मागच्या दाराच्या पट्टीत दोन स्क्रू मारून झाले होते. आता त्या स्क्रूंखालून गंजाचे ओघळ आलेत.

प्रश्न असे: हे काम घरी, सोसायटीच्या पार्किंगमध्ये होईल का? नेमकं काय वापरायचं? आणि स्क्रूच्या भोकांचं काय करू?

उपवन_फेरी | ३ फेब्रुवारी

सिलिकॉनची ट्यूब आणा, मागे भरपूर लावा, वरून मास्किंग टेपने एक रात्र बांधून ठेवा. माझ्या जुन्या गाडीच्या व्हील आर्चची (चाकावरच्या कमानीची) पट्टी अशीच लावली होती, दोन वर्षं हलली नाही.

डेंटर_वागळे | ३ फेब्रुवारी

झेनवाले दादा, सिलिकॉन लावू नका, हात जोडून सांगतो. वागळे इस्टेटला डेंटिंग-पेंटिंगचं काम करतो, रोज हेच बघतो.

दुकानात मिळणाऱ्या साध्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ना, ते खरोखर अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड असतं. वाळताना ते सुटतं. तुमच्या दाराचा टवका गेलेला आहे, म्हणजे तिथे पत्रा उघडा आहे, आणि उघड्या पत्र्यावर हे लावलं की गंजाला आपणच बोलावणं दिल्यासारखं आहे. दुसरं म्हणजे सिलिकॉनचा अंश पत्र्यावरून पूर्ण निघत नाही. उद्या त्या दाराला रंग मारायची वेळ आली की रंग फाटतो, माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. आम्ही त्याला फिश आयच म्हणतो. एका पट्टीपायी अख्खं दार पुन्हा घासावं लागतं. उपवनवाल्यांची पट्टी टिकली असेल, पण मागे पत्रा कसा आहे ते ती काढल्याशिवाय कळणार नाही.

स्क्रू आजच्या आज काढा. पट्टीपेक्षा ते आधी. दाराच्या आत काच वर-खाली होते, तिची यंत्रणा आणि वायरी असतात. आंधळा स्क्रू कुठे लागेल सांगता येत नाही. नशीब की काच शाबूत आहे.

भोकाभोवती रुपयाच्या नाण्याएवढा भाग ३२०च्या पॉलिश पेपरने पत्रा चमकेपर्यंत घासा. गंजाचा काळा ठिपका राहिला तर रस्ट कन्व्हर्टर (गंज जागीच थांबवणारं रसायन) लावा, डब्यावर लिहिलंय तेवढा वेळ सुकू द्या. मग प्रायमरचे दोन पातळ हात आणि वर टचअपचा रंग. भोकाच्या कडेला, आतल्या धारेलाही ब्रशचं टोक फिरवा, कारण गंज नेहमी धारेवरून सुरू होतो. नंतर भोकात रबरी किंवा नायलॉनचं बूच बसवा. वर पट्टी येणार आहे, दिसणार नाही. रंग ताजा असताना टेप लावू नका. टचअपला निदान आठवडा द्या. रंगातला थिनर उडून जायला वेळ लागतो, आणि तो उडण्याआधी टेप लावली तर टेप रंगासकट उचलते.

आणि दाराच्या तळाशी पाणी जायला छोटी भोकं असतात. ती आगकाडीने मोकळी करून घ्या. दार आतून कुजतं ते तिथून.

झेन_०४ | ४ फेब्रुवारी

डेंटरदादा, मनापासून धन्यवाद. आज सकाळी स्क्रू काढले. एक निघाला, दुसरा गंजून जाम झाला होता, थोडं तेल सोडून अर्ध्या तासाने फिरवला. तळाची भोकं खरंच बुजलेली होती. काडी घातली तर चिखलाचं पाणी बाहेर आलं, फेब्रुवारीत!

आता पट्टीचं सांगा कोणीतरी. अ‍ॅक्सेसरीच्या दुकानात 'डबल टेप' मागितली तर तीन प्रकार समोर ठेवले.

चिकटद्रव्य (ऐरोली) | ४ फेब्रुवारी

रबाळ्याला चिकटद्रव्यांच्याच कामात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी पट्टी सुटते का ते. उन्हात उभी असलेली गाडी रात्रीच्या २५ अंशांवरून दुपारी ६५पर्यंत सहज तापते. तुमची गाडी पांढरी आहे, पत्रा थोडा कमी तापेल, पण पट्टी काळी आहे, ती तापणारच. एवढ्या फरकाने एक मीटर पोलाद जेमतेम अर्धा मिलिमीटर वाढतं. तेवढीच लांब प्लास्टिकची पट्टी तीन-चार मिलिमीटर वाढते. म्हणजे पट्टीची दोन्ही टोकं रोज दुपारी पत्र्यावरून दीड-दीड मिलिमीटर बाहेर सरकू बघतात आणि रात्री परत येतात. मधला भाग जागच्या जागी, सगळी ओढाताण टोकांना. तुमची पट्टी टोकाकडून सुटली त्याचं कारण हे. झटपट गोंद वाळला की काचेसारखा कडक होतो. त्याला हे सरकणं सोसत नाही, मग एकतर तो तडकतो, नाहीतर खालचा रंग घेऊन निघतो. एपॉक्सीचंही तसंच.

इथे हवी अ‍ॅक्रिलिक फोमची टेप. थ्रीएमने व्हीएचबी नावाने ती १९८०मध्ये आणली, आता इतरही चांगल्या कंपन्या करतात. या टेपचा फोम स्वतःच चिकट आणि लवचिक असतो. तिच्या जाडीच्या सुमारे तिप्पट सरकणं ती सहन करते, म्हणजे १.१ मिलिमीटर जाडीची टेप तीन मिलिमीटरला पुरते. तुम्हाला ०.८ ते १.१मधली चालेल. स्टेशनरीच्या दुकानातली पांढरी, स्पंजासारखी टेप घेऊ नका. ती घरात फोटो लावायला ठीक, पाण्यात आणि उन्हात तिचा भुगा होतो. नावाजलेल्या टेपच्या नकलाही बाजारात खूप आहेत. पारख सोपी आहे: दोन इंच तुकडा ओढून बघा. खरी टेप च्युइंगगमसारखी लांब ताणली जाते आणि सोडल्यावर सावकाश मागे येते. नकली पटकन तुटते.

आता सफाई. माझ्या मते नव्वद टक्के काम हेच आहे, टेप लावणं दहा मिनिटांचं. जुनी टेप खरवडू नका. केस वाळवायचा ड्रायर फिरवून पट्टी हाताला चांगली गरम लागेपर्यंत तापवा आणि तंगूस (मासे धरायचा नायलॉनचा दोरा) पट्टीमागे घालून करवतीसारखा पुढे-मागे ओढा. फोम मधोमध कापला जातो, रंगाला धक्का लागत नाही. तंगूस नसेल तर दात साफ करायचा धागा. पत्र्यावर राहिलेला फोम पुन्हा गरम करून अंगठ्याने चोळलात की शेवयांसारख्या गुंडाळ्या होऊन निघतो. जो हट्टी गोंद उरेल त्याला निलगिरीचं तेल लावून पाच मिनिटं थांबा. थिनर नको. गाडी कधी एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंगाने रंगवलेली असेल तर थिनर तो रंगच विरघळवतो.

तेल वापरलंत म्हणजे आता तेलकटपणा काढायचा. आधी साबणपाणी, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं-निम्मं. दोन स्वच्छ सुती फडकी घ्या. एकाने ओलं पुसायचं आणि ते उडून जायच्या आत दुसऱ्या कोरड्याने टिपायचं. नुसतं पुसून सोडलं तर विरघळलेली घाण तिथेच पुन्हा बसते. घरात उरलेलं सॅनिटायझर चालणार नाही, त्यात ग्लिसरीन असतं. आणि गाडीला डॅशबोर्ड पॉलिश किंवा टायरची चमक लावत असाल तर आठवडाभर बंद. त्यातल्या सिलिकॉनचा तुषार दारावर बसतो.

पट्टीच्या मागच्या बाजूला प्लास्टिकच्या प्रकाराचा बारीक ठसा असतो, पीव्हीसी, एबीएस किंवा पीपी. पहिल्या दोघांवर टेप सरळ धरते. पीपी असेल तर तिच्यावर प्राथमिक लेप हवा, टेपवाल्यांकडे प्रायमर ९४ नावाने मिळतो. ठसा पुसला असेल तर साफ केलेल्या पट्टीवर पाण्याचा थेंब टाका. पसरला तर बरं, मोत्यासारखा गोल राहिला तर प्रायमर लागेल.

लावल्यावर दाब द्या. चांगला म्हणजे दर चौरस इंचाला १५ पौंडांच्या आसपास. अंगठ्याच्या नुसत्या ओझरत्या दाबाने ते होत नाही, रबरी रोलर घ्या आणि अंगाचा भार टाका. खोलीच्या तापमानाला वीस मिनिटांत साधारण ५० टक्के, २४ तासांत ९० टक्के आणि ७२ तासांत पूर्ण ताकद येते. तीन दिवस गाडी धुवायची नाही.

खाडीपलीकडे (नेरुळ) | ५ फेब्रुवारी

चिकटद्रव्य दादा, वाचनखूण साठवली. तीन दिवसांचं मात्र आधी गाडी धुणाऱ्या दादांना सांगून ठेवा. आमच्याकडे सकाळी सहाला ओलं फडकं फिरलेलं असतं, मालक उठायच्या आत. मी वायपरखाली चिठ्ठी लावते.

माझा थोडा वेगळा प्रश्न. २००८ची स्विफ्ट आहे, टपावर दोन्ही कडांना ज्या लांब काळ्या पट्ट्या असतात, त्यातली एक मागून उचलली गेली आहे. तिथेही हीच टेप का?

डेंटर_वागळे | ५ फेब्रुवारी

ताई, नाही. टपाच्या पट्टीखाली खाच असते. टपाचा पत्रा आणि बाजूचा पत्रा तिथे जोडलेला असतो, त्या सांध्यावर सीलर भरलेला असतो. पट्टी कुठल्या गाडीत क्लिपांवर बसते, कुठे नुसती खाचेत दाबलेली असते. आधी पट्टी मागून पुढे हळूहळू सोडवा आणि खाच बघा. त्यात झाडाचा पाला, माती, बारीक दगड भरलेले असतात, जुन्या टूथब्रशने साफ करा. सीलरला तडा दिसला तर तो आधी भरून घ्या. काचवाले पुढची काच बसवायला जो काळा पीयू (पॉलियुरेथेन) सीलर वापरतात तो चालतो. तडा तसाच ठेवून वरून पट्टी चिकटवलीत तर पाणी आत झिरपतं आणि एक दिवस आतल्या टपाच्या कापडावर पिवळा डाग उमटतो. मग लोक काचेतून पाणी येतंय म्हणून काच बदलतात.

पट्टी उन्हाने आखडलेली असेल तर नवी घ्या. ओढून लांब करून बसवलेली पट्टी पुन्हा आखडते.

पद्मिनीवाला (नौपाडा) | ६ फेब्रुवारी

टेपची चर्चा चालली आहे, पण ज्यांच्या गाड्या त्याहून जुन्या आहेत त्यांच्यासाठी लिहितो. आमच्या प्रीमियर पद्मिनीला टेप ठाऊक नाही. दारावरची चकाकती बीडिंग पत्र्यातल्या भोकांत बसणाऱ्या क्लिपांवर असते. ती सुटली म्हणजे दोनच कारणं: क्लिपेची कमान मेली, नाहीतर भोक गंजून मोठं झालं. क्लिप बदलता येते. भोक मोठं झालं असेल तर आधी पत्र्याचं काम.

काढताना एका जागी स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका. धातूच्या बीडिंगला एकदा मुरड पडली की ती कितीही ठोकली तरी उन्हात दिसतेच. मी पुट्टीच्या दोन पात्या घेतो, दोन्हींना कापडी टेप गुंडाळतो आणि क्लिपेच्या दोन बाजूंनी एकदम थोडं-थोडं उचलतो. बसवताना प्रत्येक भोकाच्या कडेला रंगाचा ठिपका आणि क्लिपेभोवती ब्युटिलची (चिकट रबरी सीलरची) बारीक वळी. त्यामुळे पाणी भोकातून दारात उतरत नाही. हे काम कंटाळवाणं आहे, पण माझ्या दारांचे तळ अजून मूळचे आहेत.

क्लिपांसाठी जुनी क्लिप खिशात घालून जा, फोटोवर भागत नाही. नव्या मालाला ऑपेरा हाउसची दुकानं, जुन्या मालाला कुर्ल्याचा सीएसटी रोड. तिथे गेलो की मला दर वेळी आठवतं, ही गाडी बनत होतीही कुर्ल्यातच. २०२३च्या ऑक्टोबरअखेर मुंबईतली शेवटची नोंदलेली पद्मिनी टॅक्सी बंद झाली, तेव्हापासून तर सुट्या भागांसाठी जास्तच पायपीट आहे. ज्यांच्याकडे आहे त्यांनी जपा.

उपवन_फेरी | ६ फेब्रुवारी

डेंटरदादांचं वाचून काल व्हील आर्चची पट्टी काढली. मागे पत्र्यावर बोटभर रुंद गंजाचा पट्टा आहे, आणि वरून काही म्हणजे काही दिसत नव्हतं. माझा पहिला सल्ला मागे घेतो. झेनवाले, तुम्ही तो पाळला नाहीत ते बरं झालं.

डेंटर_वागळे | ६ फेब्रुवारी

भोक पडलं नसेल तर वाचेल. स्क्रूच्या भोकांना सांगितलं तेच करा, फक्त मोठ्या पट्ट्यावर. सिलिकॉन आधी पात्याने पूर्ण काढा, मग वेगळ्या पेपरने घासा. ज्या पेपरने सिलिकॉन घासलं तोच पुढे वापरला तर ते सगळीकडे पसरतं.

झेन_०४ | २२ फेब्रुवारी

काम झालं! कसं झालं ते नीट लिहितो, पुढे कोणाला उपयोग होईल.

टचअपला नऊ दिवस दिले. तंगूस चेंदणी कोळीवाड्यातून आणला. दुकानातल्या मावशींनी विचारलं, काय मासा धरायचाय, म्हटलं गाडीची पट्टी सोडवायची आहे, तर त्यांनी जाड बघून दिला. पट्टी सोडवायच्या आधी तिच्या खालच्या कडेला लागून दारावर मास्किंग टेपची सरळ रेघ मारून घेतली. मागच्या दाराच्या पट्टीशी ती एका ओळीत आहे की नाही ते दहा पावलं मागे जाऊन बघितलं. हे मी स्वतःहून केलं आणि त्याचा फार उपयोग झाला, कारण जुनी टेप निघाल्यावर पट्टी कुठे होती याची काहीही खूण राहत नाही.

पट्टीमागे ठसा पीव्हीसीचा निघाला, प्रायमर लागला नाही. पट्टी दोन मिलिमीटर वाकली होती. ती गरम पाण्यात बुडवून, सपाट फळीवर ठेवून वर दोन विटा ठेवल्या, रात्रभर. सरळ झाली. वाकडी पट्टी तशीच चिकटवली असती तर टेपला रोज ती वाकडं होण्याची ओढ सोसावी लागली असती.

टेप पट्टीच्या कडेपेक्षा एकेक मिलिमीटर आत, वर-खाली दोन ओळी. खालच्या ओळीत मध्ये बोटभर जागा सोडली, आत पाणी गेलंच तर बाहेर पडायला. मग एक युक्ती, जी चिकटद्रव्य दादांनी मला निरोपात सांगितली: टेपचा लाल कागद सगळा काढायचा नाही. दोन्ही टोकांना दोन-दोन इंच सोलून ती शेपटी आडवी दुमडून बाहेर ठेवायची. पट्टी मास्किंग टेपच्या रेघेवर टेकवायची, दार उघडून बघायचं. मी बघितलं, तर पुढचं टोक फेंडरला घासत होतं! चार मिलिमीटर मागे घेतली, पुन्हा दार उघडलं, आता मोकळं. मग बाहेरची शेपटी हळू ओढली, आतून कागद सरसर निघत आला आणि पट्टी जागेवर बसत गेली. रोलर मारायला बाबा आले. ते दाराला खांदा लावून उभे राहिले आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तीन वेळा रोलर फिरवला, न बोलता.

काम दुपारी चारनंतर केलं, सावलीत. सकाळी पत्र्यावर दव होतं आणि भर दुपारी पत्र्याला हात लागत नव्हता. तीन दिवस गाडी जागची हलवली नाही. चिठ्ठी लावली होती, खाडीपलीकडे ताई.

चिकटद्रव्य | २२ फेब्रुवारी

विटांची कल्पना छान. एक राहिलं: सर्व्हिसिंगला गाडी दिलीत की प्रेशरने पाणी मारणाऱ्यांना सांगा, पट्टीच्या कडेवर जवळून तिरका फवारा नको. निदान दोन हात लांबून आणि समोरून. टेप किती का चांगली असेना, कडेखाली घुसलेला जोरदार फवारा तिला उचकटतो.

खाडीपलीकडे | १ मार्च

टपाची पट्टी काढली. खाचेत सोनमोहोराच्या सुक्या शेंगांचे तुकडे होते आणि सीलरला वीतभर तडा. भरून घेतला. पट्टी आखडलेली होती, नवी मागवली आहे.

झेन_०४ | १९ जुलै

पावसाळ्यातली खबर. जूनपासून आजपर्यंत घोडबंदरचे खड्डे, गायमुखची कोंडी, गुडघाभर पाणी, सगळं झालं. पट्टीचं पुढचं टोक नखाने उचलून बघितलं, हलत नाही. मागच्या दारावर ओघळ नाहीत. परवा जोराचा पाऊस थांबल्यावर दारांच्या तळाशी वाकून बघितलं, भोकांमधून पाणी धारेने बाहेर येत होतं.

काल बाबांना घेऊन ईस्टर्न एक्स्प्रेसवरून गेलो. माजिवड्याच्या पुलावर त्यांनी सवयीने काचेच्या हँडलला हात घातला, थोडा वेळ कान दिला आणि हात परत मांडीवर ठेवला.

उजव्या बाजूच्या दोन पट्ट्या दिवाळीच्या सुट्टीत काढणार आहे. सुटलेल्या नाहीत, पण मागे पत्रा कसा आहे ते बघायचं आहे. तंगूस उरलेला आहे.